मंगळवार, दुपारी एक

या घटनाक्रमातली स्त्री कोणी एक नव्हे. प्रयोगशाळांत आणि दवाखान्यांत मोजल्या गेलेल्या गोष्टी एकीच्या दिनक्रमावर मांडल्या आहेत, एवढेच.

साडेअडतीस वर्षे आधी
ती अजून जन्मलेली नाही. आईच्या पोटात आहे, पाचवा महिना. तिच्या इवल्या बीजांडकोशांत साठ ते सत्तर लाख बीजपेशी आहेत. त्यांतल्या एकीत १६ क्रमांकाची दोन गुणसूत्रे, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे, शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. अदलाबदल होते तिथे गाठ पडते. ती गाठ आणि तिच्यापलीकडच्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या, जोडी टिकते ती एवढ्यावर. या पेशीत गाठ अगदी शेंड्याला पडली आहे, म्हणून पलीकडे कड्या थोड्याच उरल्या आहेत.

विभाजन इथेच थांबते. मानवी स्त्रीबीजाची ती रीतच आहे.

मधली वर्षे
जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख बीजे उरतात, वयात येताना तीन-चार लाख. ही पेशी त्यांत टिकून आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे की कोहेसिनच्या कड्या पुन्हा नव्याने बसवल्या जात नाहीत. माणसातही वय वाढते तशा जोड्या सैल होतात.

थोरलीची बालवाडी झाली की दुसऱ्याचे बघू, असे ठरते. मग फ्लॅटचा ताबा मिळाला की बघू. विशीतल्या स्त्रियांच्या, कळून आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे २ टक्क्यांत एखादे गुणसूत्र जास्त असते. चाळिशी ओलांडल्यावर सुमारे ३५ टक्क्यांत. ती आता ३८ वर्षांची आहे.

सोमवार, पहाटे ४
रक्तात एलएच संप्रेरकाची पातळी चढू लागते. बीज सुटायला सुमारे ३६ तास आहेत. ती झोपेत आहे.

सोमवार, रात्री ८
बीजाच्या केंद्रकाचे आवरण विरघळते. अडतीस वर्षे थांबलेले काम पुन्हा सुरू होते. आता धाग्यांचा तर्कू उभा राहायचा आहे, जो जोड्या फोडून दोन टोकांकडे ओढेल. शरीरातल्या इतर पेशींत त्याची दोन टोके बांधून देणारे तारककाय असतात. स्त्रीबीजात ते नसतात, तर्कू स्वतःच जुळत जातो. २०१५ मध्ये केंब्रिजमधल्या मेलिना शू यांच्या गटाने शंभराहून अधिक मानवी बीजांत हे काम प्रत्यक्ष चित्रित केले. तर्कू उभा राहायला सुमारे १६ तास लागले. उंदराच्या बीजाला तीन ते पाच तास पुरतात. शिवाय मानवी तर्कू अस्थिर निघाला: दोन टोकांची कधी तीन होतात, मग पुन्हा दोन. जितका वेळ, तितक्या चुकायला जागा.

मंगळवार, पहाटे ३
तर्कूला तिसरे टोक फुटले आहे. शेंड्याला अडकलेली १६ क्रमांकाची जोडी सुटते. दोन्ही गुणसूत्रांना एकाच बाजूचे धागे येऊन चिकटतात.

मंगळवार, सकाळी ११
तर्कू पुन्हा दोन टोकांचा झाला आहे. धागे मात्र तसेच आहेत.

अशा चुकांसाठी पेशीत पहारा असतो. एखादेही गुणसूत्र नीट धरले जायचे राहिले असेल तर तो विभाजन रोखतो, डबा जोडला नसेल तर गार्डने हिरवी झेंडी न दाखवावी तसा. बीजात हा पहारा ढिला असतो. दोन चुकीच्या जोडण्या त्याच्या नजरेतून निसटतात.

मंगळवार, दुपारी १
जोड्या फुटतात. २२ नीट विभागल्या जातात. उरलेल्या, १६ क्रमांकाच्या जोडीची दोन्ही गुणसूत्रे बीजातच राहतात. बाहेर टाकल्या जाणाऱ्या छोट्या ध्रुवीय पिंडात २२ गेली, बीजात २४ उरली.

ती ऑफिसात डबा खाते आहे.

मंगळवार, दुपारी ४
बीज सुटते.

मंगळवार, रात्री ११
शुक्रपेशी आत शिरते. तिच्यात २३ गुणसूत्रे आहेत, एकही कमी नाही, जास्त नाही. २४ अधिक २३: सत्तेचाळीस.

बुधवार, दुपारी ४
दोन गोल केंद्रके शेजारी दिसू लागतात, एक आईचे, एक वडिलांचे. हे काचेच्या बशीत घडत असते तर भ्रूणतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहून नोंद केली असती की फलन व्यवस्थित आहे. दोनच हवीत, दोनच आहेत.

गुरुवार, पहाटे २
एकाच्या दोन पेशी. दोन्हींत ४७.

शुक्रवार
आठ पेशी. आतापर्यंत सारे बीजातल्या जुन्या शिदोरीवर चालले होते. आता भ्रूणाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात. १६ क्रमांकावर आठशेहून अधिक जनुके आहेत. इथे प्रत्येकाच्या तीन प्रती.

रविवार
पोकळी धरलेला, गोल, नीट दिसणारा ब्लास्टोसिस्ट. दिसण्यावरून काही कळत नाही.

पुढचा गुरुवार, नववा दिवस
भ्रूण गर्भपिशवीला चिकटतो. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्या गर्भांपैकी १३ टक्के लवकरच गेले. अकराव्या दिवसानंतर रुजलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. हा वेळेवर आला आहे.

चौदावा दिवस, सकाळी ६:१५
पट्टीवर दोन रेघा. नवऱ्याला सांगते, आईला फोन करते. तीन महिने पुरे होईपर्यंत बाकी कोणाला सांगायचे नाही, असे ठरते. ही रीत घालणाऱ्यांना हे आकडे माहीत नसतील, पण अनुभव असणार.

साडेसहा आठवडे, शेवटच्या पाळीपासून मोजून
सोनोग्राफी. हृदयाचे ठोके आहेत, मिनिटाला शंभरच्या आत. गर्भाचा आकार काही दिवसांनी मागे. “तारीख मागेपुढे झाली असेल,” डॉक्टर म्हणतात. तसे होतेही. दहा दिवसांनी परत बोलावतात.

दहाचे पंधरा होतात, कारण थोरलीची परीक्षा आहे. त्याने काही बिघडले नाही.

आठ आठवडे चार दिवस, रात्री ११:३०
रक्तस्राव सुरू होतो.

सकाळी ९:४०
ठोके नाहीत. आकार साडेसहा आठवड्यांइतकाच.

सकाळी ११
“काही जड उचललं होतंस का गं?” सासूबाई विचारतात. ती आठवू लागते. रविवारी पाण्याची बादली. लिफ्ट बंद होती म्हणून चढलेले दोन मजले. स्कूटर. हळदीकुंकवाच्या ताटातली पपईची फोड. नवरा म्हणतो, मीच गाडी चालवायला नको म्हणायला हवे होते.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली असते. एक गुणसूत्र जास्त असण्याच्या प्रकारांत १६ क्रमांक सर्वांत जास्त वेळा सापडतो, आणि ते जादा गुणसूत्र जवळजवळ नेहमीच स्त्रीबीजाच्या पहिल्या विभाजनात आलेले असते. सर्व पेशींत ते असेल तर मूल जन्माला येत नाही.

दुपारी १:१०
क्युरेटिंग होते. निघालेला भाग तपासणीला पाठवायचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायची तर जिवंत पेशी वाढवाव्या लागतात, आणि त्यासाठी नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये द्यावा लागतो. टेबलावर नेहमीची बाटली आहे, फॉर्मलिनची. सिस्टर नमुना तिच्यात टाकते, झाकण लावते, लेबलवर नाव आणि वय लिहिते.

पाच दिवसांनी
रिपोर्ट येतो. गर्भधारणेचे अवशेष आढळले, इतर काही विशेष नाही. कारणाचा रकाना त्यात नसतो.