बारा फोटोंचा रोल

लिंबायतचा इतिहास लिहायला बसावे, तर कागदपत्रे फारशी हाती लागत नाहीत. सुरतेच्या वखारींवर ग्रंथ आहेत, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांवर आहेत. पण रेल्वेच्या गरनाळ्यापलीकडे राहून लूमच्या खात्यांत आणि रंगाईच्या मिलांत पोट भरणाऱ्या खानदेशी माणसांची बखर कोण लिहिणार? तरीही इथे जुन्या घरांत एक दप्तर सापडते. लोखंडी पेटीच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली ठेवलेल्या पिवळट पाकिटातली चौकोनी निगेटिव्ह. गेली काही वर्षे ओळखीच्या घरांतून मी ती पाहत आलो आहे, आणि आमचा इतिहास शोधायचा तर तो तिथेच, असे माझे मत झाले आहे.

आमची माणसे आली ती तापीकाठच्या रेल्वेने. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार मागे टाकीत गाडी उधन्याला पोचते. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवसापासून मध्ये सीमा आली. माणसांचे येणे मात्र थांबले नाही. पाऊस दगा देई, इकडे आर्ट सिल्कचा धंदा वाढत होता. आलेला माणूस गावाकडे पत्र पाठवी, मनिऑर्डर पाठवी आणि जमले तर एक फोटो पाठवी.

तो फोटो बहुधा १२० नंबरच्या रोलवरचा असे. कोडॅकने हा रोल १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत तो घरोघर ओळखीचा झाला तो आग्फा क्लिक थ्रीमुळे. हा साधा कॅमेरा परदेशातून येत नव्हता. आपल्या गुजरातेतच, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होई. रोलही देशी मिळू लागला. उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याचा ‘इंदू’ बाजारात आला. स्टुडिओवाल्यांकडे याशिकासारखा दोन भिंगांचा कॅमेरा असे, पण त्यातही रोल हाच.

आजच्या मुलांना या रोलची गंमत सांगायला हवी. ३५ मिलिमीटरच्या रोलला पत्र्याची डबी असते. याला ती नाही. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीला लांबलचक काळा कागद, आणि दोन्ही मिळून एका रिळावर घट्ट गुंडाळलेले. उजेडापासून राखण करतो तो कागदच. म्हणून रोल भरायचा तो सावलीत. उन्हात असलो तर निदान सूर्याकडे पाठ करून. कॅमेरा उघडायचा, आधीच्या रोलचे रिकामे रीळ पलीकडच्या खोबणीत सरकवायचे, नवा रोल अलीकडे बसवायचा, कागदाचे टोक रिकाम्या रिळाच्या चिरेत घालून दोन फेरे द्यायचे. कागद सरळ जातो आहे ना, हे पाहायचे. वाकडा गेला किंवा सैल राहिला तर कडेने उजेड शिरतो आणि फोटोच्या बाजू जळतात.

मग झाकण बंद करून मागच्या लाल खिडकीत पाहत चावी फिरवायची. कागदाच्या पाठीवर छापलेला १ दिसला की थांबायचे. आकडे आणि लाल काच यांची ही युक्ती अमेरिकेत सॅम्युअल टर्नर यांनी १८९०च्या दशकात काढली. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड जाणवत नसे, म्हणून काच लाल. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली, तेव्हा जाणते लोक खिडकीवर अंगठा ठेवू लागले. बारावा फोटो झाला की उरलेला कागद पूर्ण गुंडाळून घ्यायचा, रोल काढायचा आणि टोकाची गोंदपट्टी जिभेने ओली करून चिकटवायची. राहिलेले रिकामे रीळ टाकायचे नाही. पुढचा रोल त्याच्यावरच गुंडाळला जाणार! जुना गेल्यावाचून नवा चालत नाही आणि जुन्याच्या आधारावाचूनही चालत नाही, हे आम्हा स्थलांतरितांना वेगळे शिकवायला नको.

चौकोनी फोटो काढले तर एका रोलमध्ये बारा. रोल विकत, धुणे विकत, प्रत विकत. तेव्हा बारांची वाटणी घरात आधी ठरे. बारशाला दोन, साखरपुड्याला चार, श्रावणातल्या कानबाईला तीन. रोल संपेपर्यंत वर्षही उलटे. त्यामुळे एकाच पट्टीवर गावाकडचा बैल, लिंबायतची पत्र्याची खोली आणि नवा पंखा शेजारी शेजारी दिसतात. साध्या कॅमेऱ्यात चावी फिरवायची राहिली तर एकावर एक दोन फोटो येत. एका घरात मी कानबाईच्या चौरंगावरच म्हातारबाबांचा चेहरा उमटलेला पाहिला. घरच्यांनी तो टाकला नाही. बाबांचा दुसरा फोटोच नव्हता.

फोटोच्या पाठीमागेही वाचण्याजोगे असते. शिक्का गुजरातीत, खाली आजोबांचे मोडके मराठी अक्षर, आणि नातवाने केलेली नोंद पुन्हा गुजरातीत. तीन पिढ्यांच्या भाषेचा हा हिशेब कुठल्या खानेसुमारीत मिळेल?

ऐंशीच्या दशकापासून ३५ मिलिमीटरचे रंगीत रोल आणि छत्तीस फोटो आले, नंतर मोबाईल आले. उटीचा कारखानाही बंद पडला. स्टुडिओ बंद होतात तेव्हा जुनी निगेटिव्ह भंगारात जातात; त्यांत किंचित चांदी असते, म्हणून तिलाच गिऱ्हाईक मिळते, चेहऱ्यांना नाही.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडाल तेव्हा माझी एक विनंती लक्षात ठेवा. निगेटिव्ह कडेने धरा. कडेला कंपनीचे नाव छापलेले असेल तर टिपून घ्या, काळ ठरवायला ते कामी येते. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजू लागली आहेत, बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. प्लॅस्टिकऐवजी कोऱ्या कागदाच्या पाकिटात, ओलीपासून दूर ठेवा. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून नावे विचारून घ्या, पाकिटावर लिहा. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, पण लिहा. फोटोची दुसरी प्रत निघते. ओळखणारा माणूस गेला, की तो चेहरा कोणाचा हे सांगणारे कोणी उरत नाही.