स्कीची कंबर

बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या लांब पट्ट्या म्हणजे स्की. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नॉरहाइम यांनी 1860 नंतरच्या दशकात मधे किंचित अरुंद अशी, म्हणजे ‘कंबर’ असलेली स्की प्रचारात आणली. वळणे सोपी झाली. तरीही पुढे सव्वाशे वर्षे या कमरेची खोली सहसा सेंटिमीटरभरही नसे. असे का?

आधी भूमिती पाहू. कडेचा बाक वर्तुळाचा कंस मानला, तर त्रिज्या येते लांबीचा वर्ग भागिले खोलीची आठपट. लांबी 1.8 मीटर व खोली 9 मिमी असेल तर त्रिज्या 45 मीटर; खोली 27 मिमी केली तर 15 मीटर. स्की कलती करून भार दिला की ती वाकते आणि कड याहूनही लहान कंसावर बर्फ कापत जाते. सरळ स्की अशा वळणावर आडवी घसरे आणि वेग घटे.

अडचण गणितात नव्हती. रुंद टोके पीळ खातात आणि कडेची पकड सुटते. शिवाय ‘लांब आणि सरळ तीच वेगवान’ ही समजूत पक्की होती. 1993 साली स्लोव्हेनियातील एलान कंपनीचे युरी फ्रांको व पावेल श्कोफित्स यांनी सुमारे 15 मीटर त्रिज्येची स्की आणली. काही वर्षांतच स्पर्धकही वळले. स्लॅलममध्ये दोन मीटरच्या आसपासची स्की आता पुरुषांसाठी 165 सेंमीपर्यंत आखूड चालते.

वर्गात जाड पोस्टकार्डाच्या लांब कडा आत बाकदार कापा, कार्ड तिरके धरून टेबलावर दाबा. टेकलेल्या कडेचा कंस विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.