शाहूनगरवासी नाटक मंडळी व मराठी शेक्सपियर

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककारांच्या नांवांवर रचला जातो. कोणतें नाटक कोणीं लिहिलें व तें केव्हां छापलें गेलें, एवढें ठरलें म्हणजे इतिहास पुरा झाला, असा समज त्यामुळें रूढ झाला आहे. परंतु नाटक ही वस्तु पुस्तकांत पुरी होत नाहीं. तें गांवोगांव नेऊन लोकांपुढें उभें करणारी मंडळी हा त्या इतिहासाचा निम्मा भाग होय. आणि इंग्रजी नाटकें मराठींत कशीं रुजलीं एवढेंच पाहावयाचें झाल्यास तो भाग निम्म्याहूनहि अधिक ठरतो. साताऱ्याच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीवरून हें स्पष्ट दिसतें असें आमचें मत आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. इ. स. १८४३ त सांगलीस श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, हें सर्वश्रुत आहे. १८५१ त श्रीमंत निवर्तले, आश्रय तुटला, आणि भाव्यांस मंडळी घेऊन बाहेर पडावें लागलें. १८५३ त त्यांनीं मुंबईस खेळ केले. म्हणजे मंडळ्यांची फिरती हौसेपोटीं नव्हे, तर पोटासाठीं सुरू झाली. राजाच्या जागीं तिकीट काढणारा प्रेक्षक आला, व पुढें काय टिकावें आणि काय बुडावें याचा निवाडा त्याच्या हातीं गेला.

१८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर शिकलेल्या तरुणांनीं इंग्रजी नाटकांकडे दृष्टि वळविली. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’चें भाषांतर १८६७ त छापलें गेलें. १८७९ त विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं ‘सिंबेलाइन’ नाटकावरून ‘तारा’ रचलें. इचलकरंजीकर मंडळीनें बडोद्यास त्याचा प्रयोग केला, तो पाहून तेथील इंग्रज अध्यापक हॅरल्ड लिट्लडेल यांनीं १८८० त ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या विलायती मासिकांत लेख लिहिला. परदेशीं दखल घेतली जावी असा हा प्रयोग एका फिरत्या मंडळीनें केला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें आणि संगीताचें युग सुरू झालें. शाहूनगरवासी मंडळी निघाली ती याच सुमारास, १८८१ च्या आसपास. शाहूनगर म्हणजे सातारा. संगीताची लाट चढत असतां हिनें गद्य नाटकें धरिलीं. यास केवळ तत्त्वनिष्ठा म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. गवई नट व साजिंदे यांचा संच बाळगणें खर्चाचें काम. गद्य मंडळीस तो भार नसे. पडदे, पोषाख व थोडीं माणसें घेऊन मुक्काम हलविणें तिला सोपें पडे. पण गाण्याचें आकर्षण नसल्यानें सारी भिस्त कथानकावर व अभिनयावर राही. शेक्सपियर तिला मानवला, तो या गरजेमुळें.

मंडळीचे आधारस्तंभ दोन : गणपतराव जोशी (१८६७-१९२२), व स्त्रीभूमिका करणारे बळवंतराव जोग. नाटकें मात्र पुण्याच्या विद्वानांकडून आलीं. कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांनीं १८८२ त डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. ‘हॅम्लेट’च्या भाषांतरास आगरकरांनीं तेथेंच हात घातला, व १८८३ त तें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. तो ‘ऑथेल्लो’वरून घेतलेला. फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ रचिलें. शिवराम महादेव परांजपे यांचा ‘मानाजीराव’ म्हणजे ‘मॅक्बेथ’.

येथें एक शंका निघेल : नाटकें विद्वानांचीं, तर मंडळीचें श्रेय तें काय? उत्तर केळकरांच्याच उदाहरणांत आहे. ते नाटक लिहून स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं या नटांस तालमी दिल्या. गणपतरावांस इंग्रजी विद्या फारशी लाभली नव्हती. हॅम्लेट त्यांस मिळाला तो शिकविणाऱ्याच्या तोंडून, आणि प्रेक्षकांस मिळाला तो गणपतरावांच्या चंद्रसेनांतून. वाचनानें जो ग्रंथ थोड्यांपर्यंत पोंचला असता, तो इंग्रजी अक्षर न जाणणाऱ्यांपर्यंत पोंचला. त्यांतहि मूळ कथेंतील राणीचा दिराशीं पुनर्विवाह ही गोष्ट घ्या. १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाहास मान्यता दिली असली तरी आपल्या समाजांत तो वाद पेटलेलाच होता. अशा प्रेक्षकांस चंद्रसेनाचा उद्वेग परका कसा वाटावा?

रूपांतराची कसोटी भाषेंत दिसते. ‘त्राटिका’ हें नांव रामायणांतील राक्षसीचें, लहानथोरांस ठाऊक असलेलें. कजाग नायिकेस तें देतांच अर्धें भाषांतर आपोआप झालें. मंडळी केवळ इंग्रजी नाटकांवरच जगत नसे. ‘तुकाराम’, ‘राणा भीमदेव’ अशीं स्वतंत्र नाटकेंहि ती करी. पैकीं दुसऱ्यांतील आवेशाची भाषणें इतकीं गाजलीं कीं ‘राणा भीमदेवी थाट’ हा वाक्प्रचार होऊन बसला. ज्यांनीं तें नाटक पाहिलें नाहीं, वाचलेंहि नाहीं, ते आज तो सहज वापरतात. छापील प्रतीनें असा वाक्प्रचार निपजत नाहीं. तो कानांनीं रुजतो.

या मेहनतीचें फळ पुढील नाटककारांस मिळालें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १८९३ त लिहिलेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ या नाटकावर ‘हॅम्लेट’ व ‘ऑथेल्लो’ यांची छाया आहे, हें टीकाकारांनीं दाखविलें आहे. पेशवाईंतील शोकांत घटनेस ही घडण साधली, कारण तिची भूमि गद्य रंगभूमीनें आधींच नांगरून ठेविली होती. १९०४ त निघालेली महाराष्ट्र नाटक मंडळी याच गद्य परंपरेची वारस होय.

दोषहि सांगितला पाहिजे. एका थोर नटाभोंवतीं उभी राहिलेली मंडळी त्या नटाच्या आयुष्याशीं बांधली जाते. पुस्तक कपाटांत राहतें. पण कोणत्या वाक्यावर थांबावें, कोणतें पुटपुटावें, कोणत्या शब्दास प्रेक्षक हंसत, हें नटाबरोबर जातें.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे. पेशवे दप्तरांतील एका चिठोऱ्यासाठीं संशोधक महिनेच्या महिने खर्चितात, आणि तें योग्यच आहे. तोच आदर जुन्या नाटक मंडळ्यांच्या कागदांस मिळाला पाहिजे. नटांच्या हातच्या नकला, मुक्कामाचे हिशेब, हस्तपत्रकें, पोषाखांच्या याद्या हे कागद ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत. नाटक कोणत्या गांवीं किती रात्रीं चाललें व किती पैसे जमले, हें एका वहीवरून कळतें. दहा टीकाग्रंथांवरून कळत नाहीं. शेक्सपियर मराठींत कोणीं आणला या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहे. तो मराठी माणसांत कोणीं आणला याचें उत्तर त्या वह्यांत शोधावें लागेल.