समाजशास्त्राचे अध्यापन, महाराष्ट्रातील

समाजातील संस्था, समूह, परस्परसंबंध व परिवर्तन यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. मुंबई विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग १९१९ मध्ये स्थापन झाला. प्रारंभी विषयाचे स्वरूप मुख्यतः पदव्युत्तर अध्ययन व संशोधन असे होते. स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालये वाढली, तसा तो पदवी अभ्यासक्रमांतही रुजला. वर्गाबाहेर चाललेल्या समाजजीवनाला वर्गात कोणते स्थान द्यावयाचे, हा प्रश्न या शतकभराच्या वाटचालीत वारंवार उपस्थित झाला आहे.

महाराष्ट्रातील सामाजिक चिंतन विद्यापीठीय समाजशास्त्राहून जुने आहे. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) व शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथांत जातिव्यवस्था, धर्मसत्ता व शेतकऱ्याचे दारिद्र्य यांचा परस्परसंबंध दाखविला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला. तो १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह हे जातीचे मूलभूत लक्षण असल्याचे प्रतिपादन केले. यांपैकी फुले व आंबेडकर यांच्या विचारांना महाविद्यालयीन समाजशास्त्रात योग्य ते स्थान मिळण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला.

मुंबईच्या विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ व ख्यातनाम नगररचनाकार. नगराची योजना आखण्यापूर्वी त्याची प्रत्यक्ष पाहणी केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९२४ मध्ये विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आली व १९५९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मालवणात जन्मलेल्या घुर्ये यांना संस्कृत ग्रंथांचा गाढा व्यासंग होता. केंब्रिजमध्ये त्यांनी मानवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. त्यांचा कास्ट अँड रेस इन इंडिया हा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांच्या आधारे समाजाचा अर्थ लावणारे म्हणून ते ओळखले जात असले, तरी प्रत्यक्ष पाहणीचेही त्यांना वावडे नव्हते. पुण्याजवळील लोणीकंद गावावरील त्यांचा अभ्यास (१९६०) याची साक्ष देतो : टॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास केलेल्या वर्णनाशी त्यांनी गावाच्या तत्कालीन स्थितीची तुलना केली. घुर्ये यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली व १९५२ मध्ये तिचे सोशिऑलॉजिकल बुलेटिन हे नियतकालिक सुरू झाले. एम्. एन्. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी.

इरावती कर्वे (१९०५–७०) या १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकवीत होत्या. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ (१९५३) सर्वमान्य ठरला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रकाशित झाली. धरणाचा विचार पाणी व वीज यांच्या हिशेबात होत असताना उठलेल्या गावांतील माणसांचे काय झाले, हा प्रश्न तिने विचारला. मुंबईत देसाई (१९१५–९४) यांनी राष्ट्रवाद, शेतकरी व शहरी गरिबी यांची मार्क्सवादी दृष्टीने चिकित्सा केली, एस्. डी. पिल्लई यांच्यासह लिहिलेला त्यांचा झोपडपट्टीविषयक ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

संशोधनाच्या या विस्ताराचा पडसाद पदवीच्या वर्गात मंदपणे उमटला. ‘सामाजिक समस्या’ या विषयात गुन्हेगारी, भिक्षावृत्ती, मद्यपान, बेकारी इत्यादींची व्याख्या, कारणे व उपाय क्रमाने शिकविण्याचा प्रघात पडला. अशा मांडणीत समस्या ही बिघडलेल्या व्यक्तीची वा विस्कळित कुटुंबाची बाब ठरते आणि मालमत्ता, जात व सत्ता यांच्याशी असलेला तिचा संबंध झाकला जातो. ही चौकट सैल करण्याचे श्रेय चळवळींकडे बरेचसे जाते. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली. १९७४ मध्ये एस्. एन्. डी. टी. महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र निघाले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ मधील आहे. पुण्यात शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी जात व लिंगभाव यांचा एकत्र विचार करण्यावर भर दिला आणि फुले-आंबेडकरी परंपरा समाजशास्त्राच्या गाभ्याशी आणली.

माध्यमाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पदवी वर्गांतील बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून शिकतात, तर विषयाचे मूळ ग्रंथ प्रायः इंग्रजीत आहेत. कर्वे यांनी मराठी लोकांची संस्कृती (१९५१) सारखे लेखन मराठीत केले. पाठ्यपुस्तकांनीही परिभाषा रूढ करण्यास हातभार लावला. तथापि भाऊबंदकी, सोयरीक, बलुते, वेठ हे शब्द ज्याला घरीच ठाऊक असतात, त्या विद्यार्थ्याने परकीय समाजांवरून बेतलेल्या व्याख्या पाठ कराव्या, अशी विसंगती पुष्कळदा आढळते. मार्गदर्शिकांवर विसंबून परीक्षा देता येत असल्याने ती अधिकच घट्ट होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पांना स्थान मिळाले आहे. गेडिस यांचा पाहणीचा आग्रह व कोयना पाहणीची दृष्टी यांच्याशी हे सुसंगत आहे. प्रकल्प म्हणजे नुसती भरलेली प्रश्नावली असा अर्थ झाल्यास जुनीच मार्गदर्शिका नव्या रूपात परत येईल. आपल्या गावातील पाणवठा, मजूरअड्डा, विवाहाची यादी व ग्रामसभेतील बसण्याची जागा यांत समाजरचना वाचण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर मात्र महाविद्यालयीन समाजशास्त्र आपल्या विषयाशी पोहोचेल.