वसईचा तह : कागद एक, विषय अनेक

वसईच्या तहाला शालेय पाठ्यपुस्तकात साधारणपणे दोन-तीन ओळी मिळतात. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसई येथे इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला व मराठ्यांचे स्वातंत्र्य संपुष्टात आले, एवढे वाक्य पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘सर, नुसत्या एका सहीने राज्य परतंत्र कसे होते?’ या प्रश्नाला तारीख हे उत्तर नव्हे. उत्तर शोधायला निघालो की आपण एकामागून एक इतर विषयांच्या दारांशी जाऊन पोचतो.

प्रथम नकाशा घेऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि डिसेंबरात इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. वसईच का? उल्हास नदीच्या खाडीच्या दक्षिणेला साष्टी बेट. ते १७७४ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि त्याच्या पलीकडे मुंबई. खाडीच्या उत्तरेची वसई मात्र पेशव्यांची. म्हणजे स्वतःच्या भूमीवर उभे राहून इंग्रजी आरमाराच्या आश्रयाला राहता येईल, अशी ही जागा होती. पावसाळा संपून समुद्र खुला झालेला होता, हेही लक्षात घ्यावे. ही माहिती राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ती भूगोलाच्या तासाला मिळते.

मग भूगोलानेच सारे ठरवले असे म्हणायचे का? येथे आम्हा विज्ञानाच्या लोकांची एक सवय उपयोगी पडते. दोन घटनांत एक घटक सारखा आणि परिणाम वेगळा असेल, तर केवळ त्या घटकाला कारण मानता येत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हाच किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. १७८० मध्ये तो इंग्रजांनी घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाला. खाडी तीच, तट तेच, भरती-ओहोटीही तीच. १७३९ मध्ये येथे मराठे जिंकले आणि १८०२ मध्ये येथेच पेशव्यांनी परक्यांची फौज पत्करली. तेव्हा बदललेली गोष्ट दुसरीकडे शोधली पाहिजे.

ती शोधण्यासाठी गणिताची वही उघडू. तहानुसार कंपनीने किमान ६,००० पायदळ आणि त्यासोबत तोफखाना पेशव्यांच्या मुलखात कायमचा ठेवायचा, आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा होता. वर्गात भागाकार करून पाहावा. २६ लाखांना ६,००० ने भागले की माणशी वर्षाला सुमारे ४३३ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३६ रुपये पडतात. त्या काळी कंपनीच्या साध्या शिपायाचा पगार महिना सात रुपयांच्या आसपास होता. मग उरलेले कशाचे? लगेच ‘लुटीचे’ असे उत्तर देऊ नये. गोरे अधिकारी, गोलंदाज, तोफा, दारूगोळा, सामान वाहणारे बैल हा सारा खर्च त्यात आला. कोणता खर्च रास्त आणि कोणता फुगवलेला, याची चर्चा विद्यार्थ्यांनी जरूर करावी. आकडेमोडीने प्रश्न सुटला नाही तरी चालेल, त्याला धार आली तरी पुष्कळ झाले.

खरी मेख पुढे आहे. कंपनीने रोख पैसा न मागता मुलूख का मागितला? रोख रक्कम थकते, आणि थकली की रोज तगादा लावावा लागतो. मुलूख एकदा हाती आला की सारा थेट कंपनीच्या तिजोरीत जातो आणि थकबाकीचा प्रश्नच उरत नाही. हाच प्रकार १८०० मध्ये निजामाच्या आणि १८०१ मध्ये अयोध्येच्या नबाबाच्या बाबतीत झाला होता. याचा परिणाम काय होतो पाहा. ज्या राज्याने आपल्या रक्षणासाठी मुलूख दिला, त्याचे उत्पन्न तेवढे घटले. उत्पन्न घटले की स्वतःची फौज पोसणे अधिक अवघड, आणि स्वतःची फौज नसली की परक्या फौजेवाचून गत्यंतर नाही. भौतिकशास्त्रात परिणामच कारणाला बळ देतो अशा प्रक्रिया आपण शिकवतो, त्यांतलीच ही एक. सहीने राज्य जाते ते असे, हिशोबाच्या वाटेने.

आता कायदा. तहात आणखी काही कलमे होती. इंग्रजांशी वैर असलेल्या देशांचे युरोपीय लोक चाकरीत ठेवायचे नाहीत, इंग्रजांना विचारल्याविना इतर सत्तांशी वाटाघाटी करायच्या नाहीत, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. बाजीरावांची गादी, दरबार, पदव्या सगळे शाबूत राहिले. १३ मे १८०३ रोजी ते इंग्रजी फौजेच्या संरक्षणात पुन्हा पुण्यात आले. पण युद्ध कोणाशी करायचे, मैत्री कोणाशी ठेवायची आणि भांडण कोणापुढे न्यायचे, हे तीन निर्णय मात्र त्यांच्या हातून गेले. राज्यशास्त्रात ‘सार्वभौमत्व’ हा शब्द मुलांना फार अमूर्त वाटतो. या कलमांपुढे ठेवला की तो ताबडतोब कळतो. गायकवाडांशी असलेल्या हिशोबाच्या वादातूनच पुढे १८१५ मध्ये पंढरपूर येथे गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि १८१७ चा पुण्याचा तह पेशव्यांवर लादला गेला, हेही सांगावे.

विषयांच्या भिंती ओलांडून असा अभ्यास करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र हेही विषय अभ्यासले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील सत्तेचे नाते त्यांनी त्यात पैशाच्या वाटपातून उलगडले. पुण्यात १९३० मध्ये निघालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राजकारण आणि अर्थशास्त्र ही जोडी आहे, आणि धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली तेथे गावोगावच्या पाहण्यांना ग्रंथांइतकेच महत्त्व मिळाले. पुढे विद्यापीठांत विभाग वाढले, प्रश्नपत्रिका वेगळ्या झाल्या आणि दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या मुलाचा राज्यशास्त्राशी संबंधच उरला नाही. उद्याचा अभियंता आणि उद्याचा नगरसेवक एकमेकांची भाषा न शिकताच मोठे होतात. याची किंमत कोण देते?

त्यासाठी पुन्हा वसईलाच जाऊ. रेल्वे आणि समुद्र यांमधल्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुले व भाजीपाल्याच्या वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या पाण्यावर वाढल्या. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. वाळूसारख्या सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर तळाशी सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. घायबेन व हर्झबर्ग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. याचाच दुसरा अर्थ असा की उपशाने वरची पातळी थोडी जरी खाली गेली, तरी खालून खारे पाणी पुष्कळ वर चढते. खडकाच्या भेगांत हे गणित इतके सरळ राहत नाही, परंतु धोक्याची दिशा तीच.

आता या विहिरींतून टँकर भरून वाढत्या शहराला पाणी विकले जाऊ लागले, तेव्हा काय झाले? १८६७ मध्ये विरारपासून मुंबईला गाडी सुरू झाली, १९३६ मध्ये विजेची लोकल विरारपर्यंत आली, आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. विहीर मालकाची, पण तिच्या तळाचे पाणी साऱ्या गावाचे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला खालचे पाणी उपसण्याचा अधिकार मानला होता. महाराष्ट्राने भूजलाच्या नियमनासाठी २००९ चा वेगळा कायदा केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा अनेक गावांनी विरोध केला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘आमची वाडी, आमचे पाणी, निर्णय कोणाचा?’ हा प्रश्न त्या विरोधाच्या मुळाशी होता. भूजलशास्त्र जाणल्याविना तो नीट मांडता येत नाही, आणि केवळ भूजलशास्त्राने तो सुटतही नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अनेक विषय जोडणे म्हणजे त्यांची खिचडी करणे नव्हे. प्रत्येक शास्त्राची पुराव्याची रीत वेगळी. विहिरीचा क्षार मोजून कळतो, तहाचे कलम वाचून कळते, गावकऱ्याची भीती त्याला विचारूनच कळते. पाण्यात क्षार किती, हे प्रयोगशाळा सांगेल. ते पाणी कोणाला मिळावे, हे ती सांगणार नाही. हा फरक मुलांना समजला तरी अर्धे काम झाले.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. इतिहास, भूगोल, गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक आठवडा एकच प्रश्न घ्यावा. वसईत असाल तर तह किंवा विहीर, अन्यत्र असाल तर आपल्या गावचे धरण, बाजार समिती किंवा हद्दवाढ. प्रत्येक गटाने तीन गोष्टी शोधाव्यात : खर्च कोण करतो, ताबा कोणाचा, आणि निर्णय कोण घेतो. या तिन्हींची उत्तरे एकाच नावाची निघतात की वेगवेगळ्या नावांची, हे पाहावे. १८०२ मध्ये खर्च पेशव्यांचा होता, ताबा आणि निर्णय कंपनीचा होता. आपल्या गावात आज काय आहे, हे मुलांनी स्वतः शोधून लिहावे. तो त्यांचा राज्यशास्त्राचा खरा पहिला पाठ होईल.