वसईचा वेढा आणि कादंबऱ्यांची माला

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकर यांच्या १८७१ सालच्या 'मोचनगडा'पासून मानण्याची वहिवाट आहे. परंतु एक कादंबरी लिहिणें निराळें आणि वर्षानुवर्षें कादंबरीमागून कादंबरी लिहीत राहणें निराळें. हें दुसरें काम प्रथम अंगावर घेतलें तें हरि नारायण आपटे यांनीं. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें आणि दर अंकास मजकूर पुरविण्याचें बंधन स्वतःच्या मागें लावून घेतलें. स्फूर्तीची वाट पाहत बसण्यास सवड कोठली? वाचक अंकाची वाट पाहत असे.

त्यांची 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलर या इंग्रज ग्रंथकाराच्या कादंबरीच्या आधारानें लिहिलेली होती. 'उषःकाल' मात्र स्वतंत्र. १८९५ पासून ती प्रसिद्ध होऊं लागली तेव्हां राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंडहि निघाला नव्हता. तो १८९८ चा. बखरी आणि ग्रँट डफचा इतिहास ही मुख्य शिदोरी. म्हणून हरिभाऊंनीं शिवाजी महाराजांना किंचित् मागें ठेवून नानासाहेब, सावळ्या अशीं कल्पित माणसें पुढें आणलीं. हा विवेकच म्हणावा. जेथें कागद मुका आहे तेथें थोर पुरुषाच्या तोंडीं वाटेल तें घालण्यापेक्षां कल्पित माणसाला बोलतें करणें बरें. पुढें 'सूर्यग्रहण' अपुरें राहिलें, पण तेवढ्यावरून लेखणी आटली होती असें नव्हे, कारण विजयनगरच्या नाशावरील 'वज्राघात' त्यानंतरची आहे.

द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव, यांची हकीकत याहून विलक्षण. १९०५ सालीं सिंहगडावर शिकारीस गेले असतां ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचें शरीर कायमचें लुळें झालें. अंथरुणावर वाचन सुरू झालें, वाचनांतून लेखन. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' हीं नांवें वाचलीं कीं मालेची गुरुकिल्ली सांपडते. येथें नायक एक पुरुष नसून राज्य आहे. एका वीराची कथा संपली तरी राज्याची संपत नाहीं. १९२८ सालीं ते वारले. ज्याच्या नशिबीं पुन्हां गड चढणें नव्हतें, त्यानें हजारों वाचकांना गड चढविले.

वि. वा. हडप यांनीं पुढें 'कादंबरीमय पेशवाई' अनेक भागांत लिहिली. पेशवाईकडे वळणाऱ्या लेखकाला कागदांची वाण नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० नंतर ४५ खंडांत छापले गेले. त्यांतील एक खंड सबंध वसईच्या मोहिमेचा आहे. थकलेल्या कादंबरीकारानें असाच खंड हातीं घ्यावा.

वसई म्हटली कीं लोकांस एकच आख्यायिका आठवते: किल्ला हातीं येईना तेव्हां चिमाजी अप्पांनीं आपलें मस्तक तरी तोफेनें आंत फेंका असें म्हटलें. प्रसंग रोमांचकारी खरा. पण त्यानें एक प्रकरण रंगेल, माला चालणार नाहीं. मालेस लागणारें द्रव्य अन्यत्र आहे. १७३७ च्या वसंतांत ठाणें पडलें, पण वसई पडण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. अंजूरच्या गंगाजी नाइकांसारखे स्थानिक लोक या उद्योगांत आधींपासून गुंतलेले होते. १७३९ च्या जानेवारींत तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव कामास आले. मे महिन्यांत वसईच्या तटाखालीं सुरुंग पेरले गेले. कांहीं वेळेवर उडाले, कांहीं मागाहून उडाले आणि तटावर चढणारीं आपलींच माणसें त्यांत सांपडलीं. विजयाचा हा कडू भाग जो वगळील त्याच्या दुसऱ्या भागांत पहिल्याचीच पुनरुक्ति होईल.

१६ मे १७३९ रोजीं तह झाला. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई गेली. शिबंदीस हत्यारांसह निघून जाण्याची मोकळीक मिळाली. मागें राहणाऱ्यांस आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. आतां ही मागें राहणारीं माणसें कोण? वसईच्या आसपासच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें आजहि मराठीच्या बोली बोलतात. मराठी कादंबरीनें त्यांना 'शत्रूकडील' या एका शब्दांत उरकावें काय? नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखवितात. ती मूळ ज्या प्रार्थनामंदिरांत वाजत होती तेथील उपासकहि याच भूमीचे.

नवी माला लिहूं इच्छिणाऱ्यानें तहापासून २३ मे रोजीं पोर्तुगीज किल्ला सोडून गेले तोंवरचे आठवडाभराचे दिवस घ्यावे. पापडीच्या एखाद्या बागाइतदारानें त्या दिवसांत आपल्या विहिरीवरचा रहाट चालू ठेवला कीं बंद केला, गलबतांत बसून जाणाऱ्या धाकट्या भावाला निरोप देण्यास तो बंदरावर गेला कीं नाहीं, आणि नव्या अंमलदाराचा शिपाई प्रथम दारीं आला तेव्हां घरांतून उत्तर द्यावयास कोण पुढें झालें, येथून प्रकरणास आरंभ करतां येईल.