बीडची शीव आणि आरोपींचे प्रत्यर्पण

एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात आश्रय घेणाऱ्या आरोपीस परत सोपविणे, यास प्रत्यर्पण म्हणतात. हा समान दर्जाच्या दोन सत्तांमधील व्यवहार होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. बीड जिल्ह्याचा पूर्वेतिहास या गृहीतकास बाध आणतो.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पश्चिमेचा अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत होता. एकीकडे इंग्रजी अंमल, दुसरीकडे लोकांच्या तोंडची ‘मोगलाई’. भाषा आणि सोयरीक एकच. कायदा मात्र शिवेवर बदलत असे.

१८६७ च्या तहाने जबर गुन्ह्यांतील आरोपी परस्परांच्या हवाली करण्याचे उभय सरकारांनी मान्य केले. परंतु १८८७ मध्ये त्यात फेर झाला. ब्रिटिश मुलखातून हैदराबादकडे आरोपी सोपविताना तहातील रीत न चालता ब्रिटिश हिंदुस्थानचाच कायदा चालावा, असे ठरले. पुढे १९०३ च्या प्रत्यर्पण कायद्याने ही विषमता अधिक स्पष्ट केली. आष्टीकडे गुन्हा करून कोणी नगरकडे पळाल्यास त्या कायद्यान्वये वॉरंट निजामाच्या न्यायाधीशाचे नव्हे, तर ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीचे लागे. आणि यूरोपीय ब्रिटिश प्रजाजन या तरतुदीतून वगळलेले होते.

तथापि निजामाचे क्षेत्राधिपत्य अगदीच नाममात्र नव्हते. संस्थानातील रेल्वेच्या जमिनीवर, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी ब्रिटिश वॉरंटाने झालेली महंमद युसुफउद्दीन यांची अटक १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बेकायदा ठरविली. रेल्वेपुरता अधिकार दिल्याने भूमी परक्याची होत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ. अर्थात अशा मर्यादेचा लाभ प्रत्येक फराऱ्यास झाला नाही. रँडच्या वधानंतर निजामाच्या मुलखात लपलेले बाळकृष्ण चापेकर तेथेच पकडले गेले आणि १२ मे १८९९ रोजी येरवड्यास फाशी गेले.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हा प्रश्नच मावळला. टोंक संस्थानाविषयीच्या खटल्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विलीन झालेल्या संस्थानाचा प्रत्यर्पण-करार यापुढे अंमलात आणता येत नाही, असा निर्वाळा दिला. बीड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ च्या नव्या कायद्याने १९०३ चा कायदा रद्द होऊन प्रत्यर्पण हा भारत व परराष्ट्रे यांमधील विषय उरला.

आज बीडचा आरोपी नगरात सापडल्यास साधे वॉरंट पुरते. ज्या शिवेवर एकेकाळी तह आणि रेसिडेंट उभे होते, तेथे आता केवळ दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दी मिळतात. प्रत्यर्पणाचा अभ्यास करताना म्हणूनच तहाच्या शब्दांबरोबर, आरोपीची मागणी कोणाच्या सहीने होते, हेही पाहणे अगत्याचे ठरते.